मोजमापवाले काका

यंत्र चालतंय याचं काकांना काही सुख नाही. ते किती चालतंय हे दिसलं पाहिजे. वीज मंडळात उभा जन्म मीटर वाचण्यात गेला, त्याला कोण काय करणार? आमचं घराणं पवारांच्या काळापासून धारचं, त्यामुळे काका बोलतात मराठीत. भडकले की हिंदीत.

पुतण्याचं डहीला ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कुक्षीला बस बदलून काका पोचले की पाणीसुद्धा न पिता 'परफॉर्मन्स मॉनिटर' उघडतात. ऐन भगोरिया जत्रेच्या दिवशी उघडला, तर मोजमापाच्या काउंटरांच्या नावांच्या जागी नुसते आकडे! बाहेर ढोल-मांदल, दारात खसरा-खतौनीवाल्यांची रांग.

"काका, मशीन छान चालतंय हो."

"छान म्हणजे किती टक्के?"

पुतण्या गप्प. काकांनी निदान सांगितलं (रांगेलाही सांगितलं): विंडोज प्रत्येक काउंटरला नंबर देतं, नावांची यादी रेजिस्ट्रीत 'पर्फलिब'खाली असते. एखादा प्रोग्राम अर्धवट चढला-उतरला की रेशनच्या रजिस्टरासारखं होतं, नंबर एकाचा, नाव भलत्याचं. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडायची, 'सिस्टम३२'मध्ये जायचं आणि लिहायचं 'लोडसीटीआर स्लॅश आर'. "आर कॅपिटल हं!" लहान काढलेला त्यांना खपत नाही.

एंटर. एरर कोड २.

पुतण्याचा चेहरा पडला. काका मात्र खुलले. पहिल्या फटक्यात ऐकलं तर यायचं कशाला? 'सिसवॉव६४'मध्ये जाऊन तोच हुकूम सोडला, तो मानला गेला. मग 'विनमजीएमटी स्लॅश रीसिंकपर्फ', आणि एक रीस्टार्ट. तेवढ्यात रांगेतले दोघे भगोरियात पसार.

नावं परत आली. लाल रेघ वरखाली नाचू लागली आणि काकांनी पहिल्यांदा पाणी मागितलं. खतौनीचं पान पूर्वीइतक्याच सावकाश उघडत होतं, पण ते काकांचं खातं नव्हे.

तेव्हा मशीन मंद आहे म्हणून काकांना बोलावू नका, सरळ मेमरी वाढवा. मात्र 'एसक्यूएल सर्व्हर २००८'चं सेटअप काउंटरच्या तपासणीपाशी अडून बसलं, तर त्यांना जरूर कळवा. चहा बिनसाखरेचा लागतो.