काळ्या टेपेखालच्या महोदयांस खुले पत्र

श्री. रा. रा. वायरिंगसम्राट यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव मला ठाऊक नाही, दुकान ठाऊक नाही. आमची जुनी मारुती ८०० माझ्या अंगणात आली त्याच्या कितीतरी आधी आपला शुभहस्त तिच्या वायरिंगवरून फिरून गेला होता. तरीही आपण मला परके नाही. डॅशबोर्डखाली पाठ टेकून, दातांत टॉर्च धरून मी आपले काम इंचाइंचाने पाहिले आहे. आपल्या सोयऱ्यांनाही आपली इतकी ओळख नसेल.

पहिला मान आपल्या जोडांचा. वायर सोलायची, दुसरीशी पीळ द्यायचा, वर काळी टेप गुंडाळायची, झाले. डाग द्यावा, लग दाबून बसवावा, असल्या क्षुल्लक गोष्टींत आपण गिऱ्हाइकाचा वेळ दवडला नाहीत, याबद्दल ऋणी आहे. उन्हाळ्यात टेपेचा डिंक सुटला, पावसाळ्यात आत ओल गेली आणि तांब्यावर हिरवा थर धरला. आमच्या निफाड तालुक्याची थंडी आपण ऐकून असालच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेला पारा बऱ्याचदा राज्यात सर्वांत खाली असतो. अशा पहाटेला धातू आकसतो, आपला पीळ ढिला पडतो आणि विंचूरच्या माझ्या दारात गाडी मुकी होते. ऊन चढले की तीच गाडी अर्ध्या सेल्फला सुरू.

आपण मागे ठेवलेल्या दोषाचे शील तर वाखाणावे तेवढे थोडे. परक्या माणसासमोर तो येतच नाही. गॅरेजच्या दारात दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, काटे जागेवर. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या तपासणीलाही सगळे दिवे शहाण्यासारखे लागले. घरी परतताना इंडिकेटर बंद.

त्या लाजाळूपणापायी किती जणांचा संसार चालला, हे कळवताना आनंद होतो. बॅटरी बदलली गेली. मग अल्टरनेटर. मग सेल्फ. प्रत्येक काढघालीत आपली एखादी वायर हलायची, टेपेखाली तांब्याला तांबे चार दिवस टेकायचे, आणि जो भाग नुकताच बदलला त्यालाच श्रेय मिळायचे. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. निकामी म्हणून काढलेल्या त्या बॅटरीत खोट नव्हती, हे मला आता पक्के ठाऊक आहे. अशा किती धडधाकट बॅटऱ्या आपल्या कृपेने भंगारात गेल्या असतील!

मल्टिमीटरलाही आपण सहज फसवलेत. हेडलाइटचा बल्ब काढून, स्विच चालू ठेवून वायरवर मीटर धरला की १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा. मीटरला करंट जवळपास लागतच नाही; आपल्या पिळातली एकच बारीक तार टेकलेली असली तरी त्याचे समाधान होते. दिवा पेटवून दहा अँपिअर मागितले की ती एक तार उघडी पडते. जोडात केवळ ०.१ ओहम अडथळा असला तरी दहा अँपिअरला एक व्होल्ट तिथेच खर्च होतो, आणि दहा वॉटची उष्णता आपल्या टेपेच्या आत साठत राहते. टेप करपते, जोड आणखी बिघडतो, अडथळा आणखी वाढतो. एकदा लावून दिलेले काम आपल्यामागे आपोआप वाढत राहावे, असे भाग्य फार थोड्या कारागिरांना लाभते.

अर्थिंगच्या बाबतीत आपण केलेला उपकार तर शब्दांपलीकडचा. गाडीचा पत्रा हीच करंट परत न्यायची वाट, आणि रंग वीज वाहू देत नाही. आपण मागच्या दिव्यांचे अर्थिंग नेमके रंगाच्या थरावर स्क्रूने आवळलेत. त्यामुळे ब्रेक दाबला की परतीची वाट न मिळालेला करंट शेजारच्या बल्बांतून उलटा शिरतो. ब्रेकचा दिवा मिणमिणतो, पार्किंगचा उगाच उजळतो, इंडिकेटर अडखळतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने यातून काय ओळखायचे?

गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारी जाड पट्टीही आपण त्याच प्रेमाने रंगावर बसवलीत. सेल्फ मारताना शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो. पट्टीची वाट बंद, म्हणून तो क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमधून धावला. केबल तापल्या, क्लचच्या केबलचे आतले आवरण वितळले, क्लच जड झाला. नवी केबल टाकली, काही महिन्यांत तीही तशीच. हीच गत अॅक्सिलरेटरच्या केबलची होऊन तो दाबलेल्या अवस्थेत अडकला असता, तर हे पत्र लिहायला मी नसतो.

आता आपल्या सर्वांत तेजस्वी कामगिरीकडे वळतो. कंपनीचे ६०/५५ वॉटचे बल्ब आपल्या नजरेला फिके वाटले. आपण १००/९० वॉटचे बसवलेत आणि रिले मात्र लावला नाहीत. जुन्या बल्बांना अपरला दोन्ही मिळून दहा अँपिअर पुरत. आपल्या बल्बांना सोळा-सतरा लागतात. तो सगळा भार स्टिअरिंगखालच्या नाजूक स्विचमधून गेला, त्याचे पॉइंट जळाले, प्लास्टिक वितळले. एवढे होऊन उजेड तरी वाढला का? व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. आपल्या जोडांत त्याहून जास्त गळत होते. नीट वायरिंगवरच्या जुन्या बल्बांनी रस्ता जास्त दाखवला असता.

एका रात्री येवल्याहून विंचूरकडे परतत होतो. कांद्याने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे, तिला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्याच क्षणी दोन्ही हेडलाइट गेले. डिपरचा दांडा ओढून धरला तोवर उजेड, सोडला की काळोख. एका हाताने दांडा ओढून, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग सांभाळत गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर आई होती. या प्रसंगाबद्दल आपल्याला मानाने काही लिहिणे मला जमत नाही. तुम्ही वाचवलेला रिले काही शेकड्यांत येतो.

तरी शिष्टाचार पुढे चालवतो. दहाच्या जागी आपण बसवलेला तीस अँपिअरचा फ्यूज मिळाला. आधी वायर पेटावी आणि मग फ्यूजने विचार करावा, ही योजना लक्षात आली. टेपरेकॉर्डरच्या लाल आणि पिवळ्या वायरी आपण एकत्र केल्यात, तेही पाहिले. लाल वायर चावीवर चालायची, पिवळी कायम चालू. दोन्ही एक झाल्या की चावी काढली तरी सेट जागाच राहतो. ०.३ अँपिअर जरी गळत राहिले तरी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत कोरडी होते. चार दिवस गावाला जाऊन आलेल्या माणसाला दारात धक्का मारायला लावणारे आपणच.

आपला हा दिगंत कीर्तीचा दोष अखेर एका वयस्कर वायरमन काकांनी पकडला. त्यांनी कुठलाही भाग बदलला नाही. हेडलाइट पेटवले, मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे दिव्याच्या अर्थिंगवर धरले. तिथे ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवे होते; दिसले दीड व्होल्टच्या वर. मग दिवे तसेच पेटते ठेवून ते एकेक वायर हाताने हलवत गेले आणि जिथे उजेड थरथरला तिथली टेप सोलली. पत्रा घासून चकचकीत केला, नवे लग दाबले, ग्रीस लावले, दोन रिले बसवले, कंपनीच्या वॉटेजचे बल्ब परत लावले. गाडी आता रात्री-अपरात्री निघते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, पण ही गाडी साधी, काटक आहे. तिला नीट हात मिळाला तर ती अजून पुष्कळ चालेल.

पैसे परत मागण्यासाठी हे पत्र नाही. एकच याचना आहे, ती मान्य व्हावी. आपण आजवर ज्या ज्या गाड्यांना हात लावलात, त्यांची यादी कृपया धाडावी. नंबर आठवत नसतील तर मालकांची गावे सांगावीत. लासलगाव, निफाड, येवला, नाशिक, कुठेही असोत, मी स्वतः त्यांच्या दारी जाईन. त्यांतले कितीतरी जण आज रात्री आपले दिवे लावून महामार्गावर निघणार आहेत. त्यांना त्याआधी गाठायला हवे, म्हणून उत्तर लवकर यावे.

आपला कृपाभिलाषी,
एक गाडीमालक
विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक