सवलत फक्त ३१ मेपर्यंत!

पुण्या-मुंबईच्या समस्त मराठी प्रकाशक महोदयांस,
परभणी जिल्ह्यातून

उन्हाळा सरता सरता आपली नवी पुस्तकं आली, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. प्रकाशन सोहळ्यांचे फोटोही पोहोचले. चकचकीत कागदात गुंडाळलेला गठ्ठा, त्याची फीत सोडणारे पाहुणे, मग मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडे करून छातीशी धरलेल्या पाच प्रती आणि पाचही चेहऱ्यांवर पुस्तक न वाचल्याचं समाधान. सगळं यथासांग झालेलं दिसलं. सोबत जाहिरात होती, की सुटीत वाचा, आणि पुढच्या कादंबरीची प्रकाशनपूर्व सवलत फक्त ३१ मेपर्यंत. ही तारीख आपण फार विचारपूर्वक ठरवली असणार. त्या दिवशी जिंतूर, मानवत किंवा पालमच्या बाजारात कादंबरीपुरते पैसे खिशात शिल्लक असलेला शेतकरी शोधायचा, तर आपल्याच एखाद्या रहस्यकथेतला गुप्तहेर इकडे पाठवावा लागेल.

याचं कारण साधं आहे. आपलं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आमचं मृगाला. आमच्याकडेही उन्हाळ्याच्या शेवटी मोठा सोहळा असतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची, आणि वर्धापनदिनाला परभणीत खरीप मेळावा भरतो. तिथेही मान्यवर असतात, पुस्तिकांचं विमोचन असतं, फोटो असतात. पण गर्दी पाहायची तर बियाणं विक्रीच्या रांगेकडे पाहावं. सोयाबीनची पिशवी हाती लागली की माणूस मेळावा सफल झाला असं मानतो. पुढचे चार आठवडे पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ, बेबाकी प्रमाणपत्र आणि बँकेच्या पायऱ्या. डीएपी खताचं पोतं १३५० रुपयांना. आपली कादंबरी साडेचारशेची धरली, तर तीन कादंबऱ्यांत एक पोतं येतं. पोतं बहुधा उधारीवर येतं, कारण कृषी सेवा केंद्राच्या वहीत नाव लिहिता येतं. तशी वही आपल्या दुकानात नाही. त्यात शाळा उघडायच्या असतात, म्हणून जूनमध्ये हमखास खपणारी पुस्तकं म्हणजे गाईडं. सरकारने २०२३ साली पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली, दोन वर्षं चालवली आणि मग काढून टाकली. ती कोरी पानं निदान गावोगावच्या घरांत पोचली. आपली छापील पानं तिथवर पोचायची आहेत.

आपण म्हणाल, उन्हाळ्यातच तर शेतकऱ्याला सवड असते. अगदी खरं. वैशाखातल्या दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, लग्नसराई सोडली तर माणूस घरातच असतो. पण सवड आणि पैसा या दोन गोष्टी आमच्याकडे एका महिन्यात भेटत नाहीत. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा वेचणी होईल तसा जानेवारीपर्यंत. आता एक योगायोग पाहा. मराठीत गेली शंभरावर वर्षं टिकलेला वाचनाचा एकमेव हंगाम दिवाळीचाच आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तो नोकरदाराचा सण डोळ्यांपुढे ठेवूनच, हे मान्य. पण त्याच सुमारास सुगीही येते, म्हणून तो खेड्यातल्या घरालाही परवडला. खिशाला धरून काढलं की छापलेलं खपतं, याचा पुरावा आपल्याच घरात पडून आहे.

दुसरा आक्षेप तयारच असेल, मराठवाड्यात मुळात वाचक कुठे आहेत? हा प्रश्न विचारणाऱ्यांना बी. रघुनाथ आठवत नसावेत. १९१३ ते १९५३ असं चाळीस वर्षांचं आयुष्य, निजामाच्या बांधकाम खात्यातली नोकरी, राज्यकारभार उर्दूत, सभेलाही 'गश्ती निशाण ५३' या हुकमाखाली परवानगीची सक्ती, आणि अशा मुलखातून त्यांनी मराठीला 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी दिली. परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्था निजामी राजवटीतल्याच. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीतच भरलं. २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार 'आलोक' या कथासंग्रहाला मिळाला, त्याचे लेखक आसाराम लोमटे याच जिल्ह्यातले. लिहिणारे इथून येतात आणि वाचणारे मात्र फक्त कोथरूडला राहतात, हे गणित जुळत नाही. एके काळी आपण हजार प्रतींची आवृत्ती काढत होतात, आता पाचशे-तीनशेवर उतरला आहात. तेव्हा नवा वाचक शोधण्याची गरज आमच्यापेक्षा आपल्यालाच अधिक आहे.

तिसरा आक्षेप ग्रंथालयांचा, की तिथे पुस्तकं जातातच. जातात. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत, आणि अनुदानाचा हप्ता पडला की मार्चअखेरीची खरेदी घाईघाईने उरकली जाते. त्या खरेदीत वाचकाची चिठ्ठी किती आणि सवलतीचा टक्का किती चालतो, हे आपल्याला आमच्याहून जास्त ठाऊक आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही.

आमची मागणी लहान आहे. परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. आसपासच्या जिल्ह्यांतून सगळ्या धर्मांची माणसं येतात, पाळणे लागतात, बांगड्यांपासून भांड्यांपर्यंत सगळं विकलं जातं, आणि कापूस विकून आलेला माणूस मुलांसाठी हात सैल सोडतो. तिथे एक गाळा घ्या. फीत, शाल, श्रीफळ काही नको. पुस्तकं उघडी ठेवा, लोकांना चाळू द्या. आणि ते जमेपर्यंत निदान आमच्या जिल्ह्यासाठी सवलतीची मुदत ३१ मेऐवजी ३१ जानेवारी करावी, ही नम्र विनंती.

आपला,
परभणी जिल्ह्यातील एक वाचक