घरच्या घरी टॅपेट सेटिंग: मेहुण्यासाठी मार्गदर्शिका

प्रास्ताविक. एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. जीटी वगैरे भावंडं धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. त्यामुळे रेडिंगमध्ये राहणाऱ्या एखाद्या मिरजेच्या भूलतज्ज्ञाला त्यातली एक आजही सापडू शकते. आमच्या दाजींना सापडली. गाडीत दोन माणसं बसतात, ताईच्या मते दीड. दुरुस्तीला मात्र तीन लागतात. ही मार्गदर्शिका त्यातल्या तिसऱ्यासाठी, म्हणजे ज्याला रविवारी 'ये की जरा, पाच मिनिटांचं काम आहे' असा फोन येतो त्याच्यासाठी.

विषयप्रवेश. इंजिनात आठ वॉल्व्ह असतात. कॅमशाफ्ट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरला उचलतो, आणि रॉकर दुसऱ्या टोकाने वॉल्व्हला खाली दाबतो. रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यामध्ये इंजिन थंड असताना १५ थाऊची, म्हणजे इंचाच्या १५ हजारांशांची फट हवी. मिलिमीटरमध्ये ०.३८. तापल्यावर धातू वाढतो, त्याला ही जागा लागते. फट जास्त झाली तर टॅपेट वाजतात. कमी झाली तर वॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि एक दिवस जळतो. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळे दाजी.

नियम पहिला: इंजिन थंडगार हवं. गाडी रात्रभर उभी असावी. सकाळी नऊला काम सुरू करायचं ठरलं असेल तर दाजींनी आठ वाजता 'जरा बॅटरी चार्ज होईल' म्हणून चक्कर मारून येऊ नये. दाजी येतात. मग इंजिन निवेपर्यंत मेहुण्याने पोहे खावेत आणि मिरजेच्या अँबेसिडरची कथा ऐकावी. ती अण्णांची, म्हणजे दाजींच्या वडिलांची. 'हेच इंजिन होतं बघ आमच्या गाडीत' हे त्या कथेचं पालुपद. वाद घालू नये, कारण दाजींचं बरंचसं खरं आहे. अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही दोन्ही बीएमसीच्या 'बी सिरीज' घराण्यातली. इंग्लंडात या गाडीला लोक स्पोर्ट्स कार म्हणतात. दाजी मनातल्या मनात तिला कलेक्टर ऑफिसच्या आवारात लावतात.

नियम दुसरा: हत्यारं इंचातली घ्यावीत. लॉकनटला अर्ध्या इंचाचा पाना लागतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेव्हा १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि हळूहळू नटाचे कोपरे खातो. 'चालतंय की' हे वाक्य पाना हातात असताना उच्चारू नये.

नियम तिसरा: चारही प्लग काढावेत. इंजिन हलकं फिरतं. वायरींना आधी खुणा कराव्यात, कारण फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे आणि दाजींना तो पाठ आहे. पाठ असलेल्या माणसाच्या हातात खुणा नसलेल्या वायरी देऊ नयेत.

नियम चौथा: ढकलणे. इथे मेहुण्याच्या जन्माचं प्रयोजन कळतं. रॉकर हलवायचे तर इंजिन थोडं थोडं फिरवावं लागतं, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक सोडायचा आणि ढकलायची. दाजी बॉनेटमध्ये डोकं घालून हुकूम सोडतात, मेहुणा मागून जोर लावतो, ताई ब्रेकवर पाय ठेवून आत बसते आणि फोनवर आईशी बोलते.

हुकुमांचा शब्दकोश छोटा आहे. 'ढकल' म्हणजे ढकल. 'हळू' म्हणजे ढकल, पण मी सांगितलं नव्हतं तेवढं नको. 'बास' हा शब्द गाडी पुढे गेल्यावर येतो. 'बास म्हटलं की रे!' हा त्याच्याही नंतर. त्यानंतर 'आता मागं घे', म्हणजे मेहुण्याने पळत पुढे जाऊन बंपर धरायचा. ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांना आकडे मोजायला लावून झोपवणारा हा गृहस्थ घरच्या ड्राइव्हवेवर एक शब्द वेळेवर बोलू शकत नाही.

आता खरी गोष्ट. चौथ्या गिअरमध्ये या गाडीचं चाक अर्धी फेरी फिरलं की इंजिनाच्या जवळजवळ दोन फेऱ्या होतात, आणि दोन फेऱ्यांत आठही वॉल्व्हची पाळी येऊन जाते. म्हणजे नीट क्रमाने गेलं तर सगळं काम मीटरभर ढकलण्यात आटोपतं. क्रम असा: १, ३, ५, २, ८, ६, ४, ७. दाजी मात्र १, २, ३, ४ असे जातात. 'पेशंट नंबरानंच बोलवायचा' हे त्यांचं तत्त्व. त्या तत्त्वापायी गाडी गॅरेजच्या दारापासून फाटकापर्यंत जाते आणि परत येते, आणि ताईचा फोन आईवरून मावशीवर जातो.

नियम पाचवा: नऊचा नियम. जो वॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्याचा नंबर नवातून वजा करावा. उरेल त्या नंबरची फट मोजावी. रेडिएटरकडून मोजून आठवा उघडा असेल तर पहिला लावायचा, सहावा उघडा असेल तर तिसरा. जोडीची बेरीज नेहमी नऊ. ही युक्ती दाजी प्रत्येक वेळी नव्याने सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळतो, की मेहुण्याने प्रत्येक वेळी 'अरे वा' म्हणावं.

नियम सहावा: हात. फीलर गेजची १५ थाऊची पात रॉकर आणि वॉल्व्हच्या मध्ये सरकवावी. बंद पुस्तकात दाबलेली नोट ओढताना लागते तेवढी अडवणूक जाणवली पाहिजे. सैल गेली तर स्क्रू किंचित आवळावा, अडली तर सोडावा. मग स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रू जागेवर धरून पान्याने लॉकनट आवळावा आणि पात पुन्हा घालून बघावी, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. सगळी मेख इथे आहे. रॉकरचं टोक झिजून खड्डा पडला असेल तर सरळ पात खड्ड्यावरून पूल बांधते. गेज १५ सांगतं, फट त्याहून मोठी असते, आणि टॅपेट वाजतच राहतो.

इथे दाजींबद्दल एक शब्द चांगला लिहिला पाहिजे. बोटांत पात धरली की हा माणूस बोलायचा थांबतो. डोळे मिटतो. पात दोनदा आत-बाहेर करतो, नटाला केसभर फिरवतो आणि पुन्हा डोळे मिटतो. पेशंटचं मनगट ते असंच धरत असणार. अशा वेळी ढकलू नये.

नियम सातवा: शेजारी. बॉनेट उघडं दिसलं की चहाचा मग घेऊन एक इंग्रज आजोबा येतील. ते म्हणतील, 'माझ्याकडेही होती एक. विकायला नको होती.' त्या वयाच्या प्रत्येक इंग्रजाकडे एक होती. मान हलवावी. जमल्यास त्यांनाही ढकलायला लावावं.

नियम आठवा: टॅपेट कव्हरचं पॅकिंग कॉर्कचं असतं. दोन नट बेताने आवळावेत. जोर केला तर कॉर्क चेंबतो, पत्रा वाकतो आणि ऑइल गळतं. बेताने आवळलं तरी थोडं गळतं.

नियम नववा: आवाज. गाडी सुरू करावी. टिकटिक ऐकू येईल. दाजींचा चेहरा पडेल. ते लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून एकेक रॉकर तपासतील आणि म्हणतील, 'वाजतोयच की अजून.' त्यांना समजवावं की वाजणाऱ्या टॅपेटला निदान फट आहे. भीती गप्प बसणाऱ्याची. या गाड्यांच्या जुन्या हेडमध्ये वॉल्व्हची बैठक ओतीव लोखंडातच कोरलेली असते. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं त्या बैठकीला सांभाळायचं. २००० सालापासून ब्रिटनच्या पंपांवर तसलं पेट्रोल बंद झालं. कठीण धातूची नवी बैठक बसवली नसेल तर एग्झॉस्ट वॉल्व्ह ठोके खाऊन खाऊन हेडमध्ये रुततो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते, फट मिटत जाते आणि आवाज बंद होतो. मालक खूश होतो, वॉल्व्ह जळायला लागतो. हे भूलतज्ज्ञाला सांगावं लागू नये. पेशंट अचानक शांत झाला म्हणून यांनी कधी पेढे वाटले असते का?

नियम दहावा: वही ठेवावी. फट लावण्याआधी जी भरली ती प्रत्येक वॉल्व्हपुढे लिहावी. या बाबतीत दाजी निर्दोष आहेत. दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची वही आहे ती. आठ रकाने, तारखा, पेन्सिलीचा बारीक आलेख. सात रकाने सरळ चालले आहेत. चौथा, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा एग्झॉस्ट, दर वेळी थोडा खाली येतो. दाजी तो पुन्हा १५ वर आणतात, वही मिटतात आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात.

बघण्यासारखं काही उरलेलं नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. हेड उतरवायचं, मशीन शॉपमध्ये पाठवून नव्या बैठका बसवून घ्यायच्या, आणि तोवर गॅरेजमध्ये ताईची गाडी शिरणार नाही. या नियमाला म्हणून एक पोटकलम जोडलं आहे: चौथ्या रकान्यातला आकडा घरात मोठ्याने वाचू नये. ताईने विचारलंच तर म्हणावं, सगळे छान वाजतायत.