पाहुण्यांना नाही ते दाखवलं

बदलीचा हुकूम हातात पडला की बँकेतल्या माणसाला आधी गॅसचं कनेक्शन आठवतं, मग मुलांची शाळा, आणि सगळ्यांत शेवटी हे आठवतं की इतकी वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या जेवणातसुद्धा आपण जे "या हो एकदा कलकत्त्याला" म्हणत आलो, ते कुणीतरी मनावर घेऊ शकतं. नागपूरच्या ताईनं घेतलं. "तू कोइमतूरला गेल्यावर तिकडे कोण येतंय एवढ्या लांब, आत्ताच येतो," म्हणाली, आणि ती, भाऊजी आणि भाची असे तिघं मुंबई-हावडा मेलमधून तीन बॅगा, संत्र्याच्या बर्फीचे डबे आणि घरच्या गादीवरच झोप लागते म्हणून एक उशी घेऊन उतरले.

भाऊजींचं इतवारीत हार्डवेअरचं दुकान आहे. त्यामुळे मी पहिलाच हुकमाचा एक्का टाकला. टॅक्सी पुलावर चढताच म्हणालो, "भाऊजी, हा हावडा ब्रिज. 1943 मध्ये सुरू झाला. साडेसव्वीस हजार टन पोलाद, आणि अख्ख्या पुलाला एक नटबोल्ट नाही! सगळं रिव्हेटवर." भाऊजींनी काच खाली करून पूल संपेपर्यंत वर पाहिलं. मग काच वर केली. "मग आमच्यासारख्यानं खायचं काय?"

तिथूनच माझं नशीब फिरलं असावं.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना बायको मला म्हणाली, "अहो, आज सोमवार आहे." मला वाटलं ती उपासाची आठवण करून देतेय, म्हणून मी "साबुदाणा भिजवलायस ना?" एवढं विचारून पाहुण्यांना घेऊन बाहेर पडलो. सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलचं संग्रहालय बंद असतं हे मला फाटकाशी कळलं. मी खचलो नाही. म्हटलं, तोपर्यंत इंडियन म्युझियम करू, 1814 सालचं आहे, ममी आहे आत. तेही सोमवारी बंद असतं. मग पुन्हा व्हिक्टोरियाला आलो, कारण घुमटावरची ती काळी परी बाहेरूनही दिसते आणि ती वाऱ्यावर गोल फिरते असं मी मेट्रोत छातीठोकपणे सांगून बसलो होतो. वारा नव्हता. आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला माना वर करून उभे राहिलो, ताईनं सोबत आणलेले चिवड्याचे पुडे संपले, आमच्याकडे बघून आणखी दोन कुटुंबं माना वर करून उभी राहिली, आणि भाचीनं फक्त एकदाच विचारलं, "मामा, तुम्ही तिला फिरताना पाहिलं आहे का?"

मी फुचकेवाल्याला हाक मारली.

ट्रामचं मात्र मला खात्रीनं माहीत होतं. 1873 मध्ये ती घोड्यांनी ओढली, 1902 मध्ये विजेवर आली, हा इतिहास मी थांब्यावर उभा राहून सविस्तर सांगितला. वेळही भरपूर मिळाला. रूळ पायाशी होते, डोक्यावर तार होती, नव्हती ती फक्त ट्राम. शेवटी समोरचा पानवाला दुकान सोडून आला आणि म्हणाला, दादा, या रुळांवरनं ट्राम जायची बंद होऊन जमाना झाला, आता उरलेत ते एखाददुसरे मार्ग, ते पलीकडे. भाऊजींनी त्याच्याकडून पान घेतलं आणि मला म्हणाले, "तू काय दाखवून राहिला रे आम्हाला?"

ताईला शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनमधला वड पाहायचा होता. आता अडीचशे वर्षांहून जुना, एका झाडाचं रान झालेला वड कुणाला निराश करेल? ताईच्या पर्समध्ये सुताची गुंडी होती. वटपौर्णिमा कधीच होऊन गेली होती, पण एवढा मोठा वड म्हटल्यावर भाऊजींचं राहिलेलं बीपी त्यात बसवून टाकावं असा तिचा हिशेब. आम्ही कुंपणाबाहेरून फेरी मारली, पारंब्याच पारंब्या, आणि अर्ध्यावर ताई थांबली. "अरे, खोड कुठं आहे?" खोडाला बुरशी लागली म्हणून ते 1925 मध्ये कापून काढलं, हे मी पाटीवर वाचून तिला सांगितलं. साडेतीन हजारांवर पारंब्यांवर झाड उभं आहे आणि मूळ खोड नाही. ताईनं गुंडी परत पर्समध्ये टाकली. "मग बांधू कुणाला," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघितलं.

परतताना हुगळीखालून जाणारी मेट्रो. नदीच्या तळाखालून, पाऊण मिनिटात! भाऊजींनी अंधाऱ्या काचेला नाक लावलं आणि विचारलं, "गंगा कुठं आहे?" "वर," मी म्हणालो.

राहता राहिला खंदक. खरं म्हणजे भाऊजी आले होते ते त्याच्यासाठीच. नागपूरच्या महाल भागात जन्म, रघूजीराजे भोसल्यांवर निस्सीम भक्ती, आणि 1742 मध्ये त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले तेव्हा घाबरून कलकत्तेकरांनी शहराभोवती 'मराठा खंदक' खणायला घेतला, हे कधीतरी मीच त्यांना फोनवर सांगितलेलं. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणला, आपली माणसं काही कलकत्त्यापर्यंत आली नाहीत, काम अर्धवट राहिलं. हेही सांगितलं होतं. पुढे 1799 पासून तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढला, एवढं सांगायच्या आत बहुधा फोन कट झाला असावा.

"कुठं आहे?" भाऊजी म्हणाले.

"आपण त्याच्यावरच उभे आहोत."

त्यांनी बूट उचलून खाली पाहिलं. मागून बस हॉर्न देत होती. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी त्यांना बागबाजारातल्या मराठा डिच लेनमध्ये नेलं. निदान नावाची पाटी तरी दाखवावी. गल्लीतल्या एका जुन्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ गंजिफ्रॉकात पेपर वाचत होते. कुठून आलात, त्यांनी विचारलं. मी "महाराष्ट्र" एवढंच पुटपुटलो, कारण बर्गी म्हणजे आपल्या त्या घोडेस्वारांनी इथं केलेली लुटालूट काही पोवाड्यात शोभणारी नव्हे, बंगाली आया अजून त्यांच्या नावानं पोरांना झोपवतात. तेवढ्यात भाऊजी पुढे सरसावले आणि दुकानातल्या आवाजात म्हणाले, "नागपुर! भोसले का नागपुर!"

म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. पेपर नीट घडी करून ठेवला आणि काही न बोलता आत गेले. मी ताईला हळूच टॅक्सीच्या दिशेनं ढकलायला लागलो. ते बाहेर आले तेव्हा हातात काठी नव्हती, बशी होती. बशीत चार रसगुल्ले. त्यातला एक त्यांनी चमच्यानं उचलून भाऊजींच्या तळहातावर ठेवला, उरलेले तीन स्वतःकडे ओढले आणि गंभीरपणे म्हणाले, "चौथाई."

भाऊजी इतके हसले की पाक कोपरापर्यंत ओघळला. मग आणखी बशा आल्या, खुर्च्या आल्या, घरातली सून आली, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला. दोन तास दोघं हिंदीत भांडले, कोण कुणाला घाबरलं होतं यावर, आणि दोघांचं हिंदी ऐकून मला दोन्ही बाजूंबद्दल भीती वाटली. निघताना आजोबांनी मला विचारलं, तुम्ही इथं किती दिवस आहात? पुढच्या महिन्यात बदली आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग आधी का नाही आलात?" माझी बँक तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. मी आणखी एक रसगुल्ला तोंडात टाकला.

गाडी सुटायच्या आधी हावड्याच्या फलाटावर भाऊजींनी दुकानात फोन लावला. त्यांचा नोकर मोठ्यानं विचारत होता, मालक, काय काय पाहिलं? मी बॅगा डब्यात चढवण्याचं निमित्त करून लांब सरकलो, पण तो आवाज डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेल असाच आहे.

"सगळं पाहिलं ना बापा. खंदकसुद्धा पाहिला. एकदम मस्त बुजवून ठेवला आहे!"