पोच

काकांची चेतक सुरू होईल की नाही याची खात्री नसते, पण तिच्या डिकीत कार्बन पेपर आहे याची असते. शिवाय ३० मीटरचा टेप, डिंकाची बाटली, टाचण्यांची डबी, शाईचं पॅड आणि ‘अहमदनगर’ असं छापलेलं लेटरपॅड. २०२४ साली शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा काकांकडे त्या लेटरपॅडची गठ्ठाभर कोरी पानं शिल्लक होती. ती फेकायची कशी? मग ते प्रत्येक पानावरचं जुनं नाव एका रेघेत खोडतात, वर नवं लिहितात आणि शेजारी बारीक सही करतात. खाडाखोड सहीशिवाय ग्राह्य नसते. माणूस ३४ वर्षं कोषागारात बसलेला आहे.

सावेडीतल्या आमच्या कॉलनीत पोरं त्यांना हरकतकाका म्हणतात. अर्थात पाठीमागे. समोर म्हटलं तर लेखी खुलासा मागतील.

आम्ही सकाळी पेपर उघडला की आधी निधनवार्ता बघतो, ओळखीचं कोणी आहे का म्हणून. काका जाहीर नोटिसा बघतात. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे वाक्य छापणाऱ्यालासुद्धा ते कोणी वाचेल असं वाटत नसावं. काकांना मात्र ते स्वतःला आलेलं आमंत्रण वाटतं. लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ लिहिलं म्हणून कोणी खरंच अगत्यानं, सहकुटुंब, दोन दिवस आधी येऊन उभा राहावा, तसे ते मुदतीच्या दोन दिवस आधी आवक-जावकच्या टेबलासमोर उभे असतात. अर्ज दोन प्रतींत. एक तुम्हाला, एकीवर पोच. त्यांच्या घरी पोचेच्या प्रतींचं कपाट आहे. काकूंना साड्यांसाठी अजून ट्रंकच आहे.

आमटीत मीठ कमी असलं तर काका बोलत नाहीत. तोंडी तक्रारीला किंमत नसते. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवतात, ‘मीठ कमी’. “आणि मी पोच देत नाही,” काकू म्हणतात. म्हणून संसार टिकला असावा.

तर उद्यानाचं प्रकरण. आमच्या कॉलनीजवळ एक उद्यान आहे. उद्यान म्हणजे तीन कडुलिंब, एक गुलमोहर, ओपन जिमची पिवळी-निळी यंत्रं, ज्यांवर आज्या बसून गप्पा मारतात, आणि एक कारंजं. ते शेवटचं कधी उडालं याबद्दल कॉलनीत दोन मतं आहेत. कधीतरी उडालं होतं, यावरही एकमत नाही. या उद्यानाच्या फाटकावर एके दिवशी कागद चिकटला. कारंज्याकडची बाजू मोकळी करून तिथं स्केटिंग आणि स्केटबोर्डसाठी रिंक, उतार आणि एक खोलगट हौद बांधायचा प्रस्ताव आहे, हरकती-सूचना १५ दिवसांत द्याव्यात.

कॉलनी खवळली. म्हणजे व्हॉट्सॲपवर खवळली. मी मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून रविवारी हास्यक्लबच्या शेडखाली बैठक बोलावली. एक गृहस्थ म्हणाले, खेळबिळ ठीक आहे, पण त्या जागी पार्किंग करा. हे गृहस्थ प्रत्येक बैठकीत, अगदी शोकसभेतही, पार्किंग करा म्हणतात. आज्या म्हणाल्या, आम्ही फिरायचं कुठं, पोरं पायात येतील. हास्यक्लबवाले पहिल्यांदाच गंभीर दिसले.

बाजूनं बोलायला उठली ती दहा वर्षांची एक मुलगी. गळ्यात बुटांच्या नाड्या गाठून स्केट लटकवलेले. ती म्हणाली, टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा मोमिजी निशिया नावाच्या जपानी मुलीनं गोल्ड जिंकलं, ती १३ वर्षांची होती. २०२३च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये रोलर स्केटिंगच्या रिलेत आपल्याला दोन ब्राँझ मिळाली, एक मुलींना, एक मुलांना. आणि मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाच्या खेड्यात २०१५पासून स्केटपार्क आहे. तिथं दोन नियम आहेत. शाळेत गेला नाहीत तर स्केटबोर्ड नाही, आणि मुलींना पहिला नंबर.

“हे नियम लेखी आहेत का?” मागून काकांचा आवाज.

झालं. काका उठले. हातात सात पानं, २७ मुद्दे.

मुद्दा पहिला. शहराच्या विकास आराखड्यात उद्यान हे एक आरक्षण आणि क्रीडांगण हे दुसरं. एकाचं दुसरं करायचं तर १९६६च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल, राजपत्रात नोटीस आणि हरकतींना एक महिना. १५ दिवस कुठून काढले? कोणी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, टाळ्यांची नोंद होत नाही, सह्या करा. टाळ्या थांबल्या.

मुद्दा चौथा. नोटिशीतल्या ‘चाकांचे खेळ’ म्हणजे काय याची व्याख्या दिलेली नाही. बाबागाडीला चाकं आहेत. व्हीलचेअरला आहेत. फाटकासमोरच्या भेळवाल्याच्या गाडीला चार आहेत, त्यातलं एक टेकू दिलेलं. उद्या कोणी म्हणालं, रणगाड्यालाही पट्ट्याच्या आत चाकं असतात, तर त्याला प्रवेश आहे काय? दुसऱ्या कुठल्या शहरात हा प्रश्न वेडगळ वाटला असता. पण आमच्याकडे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, चिलखती दलाचं केंद्र आहे, आणि लष्करी वाहनं पळवून बघायच्या चाचणीच्या वाटाही आहेत. दोघातिघांनी मान डोलावली.

मग मुलीनं चूक केली. ती म्हणाली, “आजोबा, कॅलिफोर्नियात १९७६ला दुष्काळ पडला ना, तेव्हा लोकांचे स्विमिंग पूल कोरडे पडले. पोरं त्यात उतरून स्केटबोर्ड खेळायला लागली. त्यातूनच हे गोल हौद आले. आपल्याकडेसुद्धा फराह बागेतलं तळं कोरडंच असतं की.”

नगर जिल्ह्यातल्या, साठी उलटलेल्या माणसासमोर दुष्काळाचा विषय काढू नये. काकांनी चष्मा काढला. “१९७२ला मी तुझ्याएवढा होतो. वडलांबरोबर बंधाऱ्यावर खडी फोडायला जायचो. वर सुकडी मिळायची. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्यात आम्ही, त्या तुटायच्या नाहीत. विहिरी तळापर्यंत कोरड्या होत्या, पण त्यात उतरून घसरावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.” मग जरा थांबून, जणू स्वतःलाच, “आलं असतं तरी चाकं कुठं होती?”

फराह बागेबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की तो महाल १५८३ साली पुरा झाला, तेव्हा निजामशाहीत हरकती मागवायची पद्धत नव्हती. हरकत घेणाऱ्याचं मुंडकं जायचं. आता नुसता अर्ज जातो, ही प्रगती आहे.

बैठक संपली ती नेहमीसारखी. विरोध करणारे सगळे घरी जेवायला गेले, बाजूचे सगळे क्लासला गेले. लेखी कोणीच काही दिलं नाही. काका मात्र पुढचे पाच दिवस सकाळी सहाला रस्त्यावर दिसले. ती मुलगी आणि तिच्या मैत्रिणी जिथं स्केटिंग करतात तिथं उकिडवे बसून ते चाकाचा व्यास मोजत होते. पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकतं, कोटा फरशीवर पाणी पडलं की घसरतं, घोटलेलं सलग काँक्रीट लागतं, हे त्यांनी मुलींकडून वदवून घेतलं, आपल्या मुद्द्यांत घातलं आणि प्रत्येकीची सही घेतली. एकीनं सहीत बदाम काढला. काकांनी तो बदाम एका रेघेत खोडायला लावला, शेजारी पुन्हा सही.

पंधरवड्यानं पेपरात दोन ओळी आल्या. नागरिकांच्या तीव्र विरोधामुळे प्रस्ताव रद्द. आज्यांनी पेढे वाटले. मी काकांचं अभिनंदन करायला गेलो, तर ते कपाटासमोर कागद पसरून बसलेले.

“तीव्र विरोध कोणी केला?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच की काका. २७ मुद्दे.”

“त्यात ‘नको’ असा एक मुद्दा दाखवा.”

मी सातही पानं वाचली. पहिल्यांदाच. मुदत कमी आहे, व्याख्या नाही, सावलीसाठी कडुलिंब राखावेत, काँक्रीट सलग असावं, आज्यांसाठी फिरण्याची वाट रिंकच्या बाहेरून न्यावी, मुलींसाठी वेळ राखावी (जनवारप्रमाणे, लेखी). मुद्दा अकरावा, हौदाच्या तळाला पाणी निघून जायची वाट नकाशात दाखवलेली नाही, पावसाळ्यात डास होतील. ‘नको’ कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चेतक सुरू झाली नाही, म्हणून माझ्या गाडीवर त्यांना कचेरीत नेलं. शाळा बुडवून ती मुलगीही आली होती. जनवारच्या पहिल्या नियमाची मी आठवण करून दिली, तर म्हणाली, तो स्केटबोर्डसाठी आहे, अर्जासाठी नाही. ही काकांच्या तालमीत तयार होणार.

टेबलामागच्या बाईंनी अर्जाचा विषय वाचला. प्रस्ताव रद्द केल्याबाबत हरकत.

“काका, तुम्हाला पाहिजे होतं तेच झालं ना? मग आता हरकत कशावर?”

“मला पाणी निघायची वाट पाहिजे होती. खड्डाच रद्द करा, असं मी कुठं म्हटलंय? पान तीन बघा.”

बाईंनी पान तीन बघितलं नाही. शिक्का उचलला, दुसऱ्या प्रतीवर मारला आणि कागद पुढे सरकवला. मी निघायला वळलो. काकांनी प्रत मुलीच्या हातात दिली. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली, डोळे बारीक करून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली.

“तारीख पुसट आलीय,” ती म्हणाली. “पुन्हा मारा.”