गुरुजींची वारी

माउलींची पालखी फलटणचा मुक्काम आटोपून बरडमार्गे पंढरीला पोचते तरी. गुरुजी व्हायला निघालेल्याचे मुक्काम संपत नाहीत. आधी डीएड, मग टीईटी: पाचवीपर्यंत पेपर १, सहावी ते आठवीला पेपर २, खुल्या गटाला १५०पैकी ९० हवेत. पुढे २०० गुणांची टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी. तिच्यात पास-नापास नाही, नुसती रांग. मग भरतीचं पवित्र पोर्टल (बारसं करणाऱ्याला दंडवत!). एवढ्यावर प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला मानधन १६,००० रुपये.

त्यात सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोकरीतल्यांनाही टीईटी लावली. सुटले ते निवृत्तीला ५ वर्षंही न उरलेले. आमच्या आळीतले सर आता लेकीच्या जुन्या गाईडातून बालमानसशास्त्र घोकतात. लेक चष्म्यावरून बघत म्हणते, "आबा, प्रश्न आधी नीट वाचा."