कच्चा अभ्यास

आमच्या इमारतीत कुणी काही नवीन करायचं ठरवलं, की निदान पहिले आठ दिवस ते नानांच्या कानावर जाऊ देत नाही. मिक्सर असो, म्युच्युअल फंड असो की मुलीला आलेलं स्थळ, नानांचा त्यावर अभ्यास झालेला असतो. नसला तर रात्रीतून होतो. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात अंदाजपत्रकं तपासण्यात गेली. आता समोर येईल त्या गोष्टीकडे ते मंजुरीला आलेल्या कागदासारखे बघतात आणि सहसा त्रुटी काढून परत पाठवतात.

2018 च्या सुमारास मराठी घराघरांत आहारावरून दीक्षित की दिवेकर असे तट पडले होते. तेव्हा नाना आधी दीक्षितांच्या बाजूला होते. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि 55 मिनिटांत उरकायचं. ताटाशेजारी मोबाइलचा गजर लावून बसत. एकदा गजराला मिनिटभर उरलं असताना काकूंनी श्रीखंड वाढलं, तर त्यांनी एका घासात वाटी रिकामी करून शास्त्राचा मान राखला. पुढच्या उन्हाळ्यात तेच नाना दर दोन तासांनी शेंगदाणे खात होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुपाचे गुण सांगत होते. मध्ये काय घडलं, हे विचारायची पद्धत नाही. अभ्यास पुढे गेला, एवढंच घडलेलं असतं.

2024 च्या दिवाळीनंतर जिन्याखालच्या खोक्यात मांजरीचं एक पिल्लू सापडलं. दोनेक महिन्यांचं, बाकी सगळा आवाजच. नानांच्या नातीनं तिचं नाव ठमी ठेवलं आणि ती पुण्याला निघून गेली. काकूंनी बशीत दूध-पोळी कुस्करून दिली. ठमीनं बशी चाटून लख्ख केली आणि नानांनी चष्मा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना मला बातमी कळली. मांजर अट्टल मांसाहारी. पोळी म्हणजे तिच्यावर अन्याय. दूधही बंद, कारण पिल्लू मोठं होतं तसं त्याला दूध पचेनासं होतं. आणि मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखणारं जनुक तिच्यात निकामी झालेलं आहे, हे 2005 साली फिलाडेल्फियाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय.

"मग काल बासुंदीत तोंड कशाला घातलं तिनं?" काकूंनी गॅलरीतून विचारलं.

"स्निग्धांशासाठी," नाना म्हणाले.

नानांची अडचण हीच आहे. त्यांची माहिती बहुतेकदा बरोबर असते. नुसताच गप्पा ठोकणारा माणूस परवडतो, हसून सोडून देता येतो.

तर ठमीला कच्च्या मांसावर आणायचं ठरलं. हे ठरवणारे नाना चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत. नागपूरच्या लक्ष्मीनगरात राहून त्यांनी सावजीची पाटी फक्त बाहेरून वाचलेली. पण शास्त्र म्हटलं की नाना सोवळं बाजूला ठेवतात. पायजमा, झब्बा, खांद्याला शबनम अशा वेषात ते खामल्याला चिकनच्या दुकानात गेले आणि पाव किलो हृदयं मागितली.

"काकाजी, घरी पार्टी आहे का जी?" दुकानदारानं विचारलं.

"पार्टी नाही. टॉरिन."

मग त्या भल्या माणसाला, गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, टॉरिनची हकिकत ऐकावी लागली. मांजराचं शरीर हे द्रव्य पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगतं आणि दुबळं होतं. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन या पशुवैद्यानं हा संबंध जोडून दाखवला आणि तयार खाद्यातलं टॉरिन वाढवावं लागलं. हृदयाच्या मांसात ते भरपूर. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून तो नानांना 'दिलवाले काकाजी' म्हणू लागला.

घरी आल्यावर अंदाजपत्रक झालं. ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, पाच टक्के कलेजी, पाच टक्के इतर अवयव. "आणि आकस्मिक खर्च तीन टक्के?" मी विचारलं. नाना गंभीरपणे म्हणाले, "नाही, यात तेवढी लवचीकता नाही."

लवचीकता काकूंमध्येही नव्हती. मिक्सरमध्ये हाड जाणार नाही, एवढं एकच वाक्य त्या बोलल्या आणि दहा टक्क्यांची बाब रद्द झाली. आता नुसतं मांस द्यायचं तर त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. वाढतं पिल्लू मग स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं, हाडं ठिसूळ होतात, साध्या उडीत पाय मोडतो. हेही खरं आहे. कुठलाही पशुवैद्य सांगेल. त्यावर नानांनी उपाय शोधला: अंड्याच्या टरफलाची पूड.

आमची इमारत शाकाहारी आहे. म्हणजे सोसायटीच्या सभेत तसं बोललं जातं. नानांनी फळ्यावर नोटीस लावली: 'मांजरीच्या पिल्लासाठी अंड्यांची टरफलं हवी आहेत. स्वच्छ धुऊन, वाळवून द्यावीत.' दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या दाराच्या कडीला एक पिशवी लटकलेली होती, नाव नसलेली. चौथ्या दिवशी तीन. पहिल्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी एकादशी टाळून, लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून टरफलं आणून दिली आणि "भाच्याकडची आहेत" असं न विचारता सांगितलं. एक गृहस्थ रात्री अकराला आले. नानांना कुणी काय खातं याचं काहीच नव्हतं. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की अंडं उकडलेलं होतं की फोडलेलं, कारण आतला पापुद्रा निघाला पाहिजे. हा प्रश्न ते जिन्यात, मोठ्यानं विचारत. पुढच्या सभेत लिफ्टजवळच्या अंड्याच्या वासाबद्दलचा विषय कुणीच मांडला नाही. माझ्या मते या सोसायटीच्या इतिहासात नानांनी केलेलं सगळ्यात मोठं काम ते हेच.

काकूंच्या खलबत्त्यात, जो पूर्वी सुंठीसाठी होता, टरफलं कुटली गेली. फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या शेजारी डबे लागले, प्रत्येकावर चिठ्ठी: 'हृदय, मंगळवार'. सगळी सिद्धता झाली आणि ठमीनं बशी हुंगून, कडेची फरशी पंज्यानं ओढून, ते पुरून टाकायचा प्रयत्न केला.

मांजराचं असंच असतं. लहानपणी जे चाखलं, जसं मऊ वा कडक लागलं, तेच त्याला अन्न वाटतं. नानांनी कुठंतरी वाचलं होतं की भूक लागली की खाईल. सुदैवानं ठमीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना वेळीच झापलं. एवढ्या पिल्लाला अर्धा दिवससुद्धा उपाशी ठेवायचं नाही, रक्तातली साखर उतरते. मोठी मांजरंही दोन-तीन दिवस खाल्लं नाही की यकृतात चरबी साठून दगावू शकतात. मग नाना पिल्लांच्या तयार ओल्या खाद्यात चिमूटभर कच्चं मिसळू लागले. फ्रीजमधलं गार मांस तिला नको म्हणून डबी कोमट पाण्यात धरत, थर्मामीटर लावत. 38 अंश, म्हणजे ताज्या उंदराच्या अंगाइतकं ऊन.

"माझा गुडघा तीन वर्षं दुखतोय," काकू मला म्हणाल्या, "त्याला कधी थर्मामीटर लावला नाही यांनी."

डिसेंबरच्या मध्यावर ठमी निव्वळ कच्चं खाऊ लागली. अंगावर तकाकी आली, हे मान्य केलं पाहिजे. पण नाना तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी आमच्या रस्त्यावरची तीन मांजरवाली घरं गाठली आणि त्यांना पॉटेंजरचे प्रयोग सांगितले. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात फ्रान्सिस पॉटेंजर या डॉक्टरांनी काही मांजरांना कच्चं मांस दिलं, काहींना शिजवलेलं. शिजवलेलं खाणारी पिढ्यान्‌पिढ्या खंगत गेली. तिन्ही घरांनी दोन-दोन किलो माल भरला.

डिसेंबरच्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. जानेवारीत कारण कळलं: बर्ड फ्लू, संशय खाण्यात आलेल्या कोंबडीवर. त्याच महिन्यात छिंदवाड्याला पाळीव मांजरांत हाच विषाणू सापडला, तिथली मांसाची दुकानं बंद करावी लागली. छिंदवाडा इथून मोटारीनं तीन तासांवर.

मला वाटलं, नाना आता चार दिवस तोंड दाखवणार नाहीत. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी फळ्यापाशी उभे होते. "कच्चं मांस? चुकूनही नाही! सत्तर अंशांवर शिजवा, विषाणू मरतो. साल्मोनेला वेगळाच. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं 2012 मध्येच नको म्हटलंय."

"पण नाना, पॉटेंजर?"

"अहो, त्या काळी टॉरिनची गरज कुठं ठाऊक होती? शिजवलेल्यात ते कमी पडलं असणार. वरून घातलं की झालं!"

हे 1987 चं ज्ञान नोव्हेंबरातही त्यांच्याजवळ होतं, दुकानदाराला ते तोंडपाठ ऐकवलंही होतं. पण ते तेव्हा दुसऱ्या प्रकरणात होतं. तीन घरांच्या फ्रीजरमधल्या मालाचं काय करायचं, यावर नानांनी शिजवायची वेळ आणि आच लिहून दिली.

ठमी आता पिल्लांचं तयार खाद्य खाते आणि आठवड्यातून दोनदा उकडलेलं चिकन. तुमच्याकडे नवं पिल्लू आलं असेल तर नानांना जरूर विचारा. ते सांगतील त्यातलं एक अक्षर खोटं नसेल. फक्त कुठल्या तारखेला विचारलं, ते लिहून ठेवा.